पॉल जॉर्जच्या बदल्यात काय मिळालं?

श्रोतेहो, नमस्कार.

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, दर फेब्रुवारीत ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत जवळ आली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. संघात वीस-एकवीस वर्षांचा एक गुणी पोरगा आहे. दुसरा संघ आपला नावाजलेला, तयार खेळाडू द्यायला राजी आहे, पण बदल्यात त्याला तोच पोरगा हवा. द्यायचा की नाही?

आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय. एनबीएत मात्र दुसऱ्या संघाशी करार असलेला मोठा खेळाडू नुसता पैसा ओतून उचलता येत नाही. त्याच्या बदल्यात आपले खेळाडू द्यावे लागतात, किंवा पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमधले, म्हणजे नवोदितांच्या निवडीतले आपले पिक, म्हणजे निवडीच्या पाळ्या, सोडावे लागतात. वर पगारांचा मेळही बसवावा लागतो.

२०१९ चा जुलै घ्या. कवाय लेनर्ड टोरंटो संघाला अजिंक्यपद जिंकून देऊन करारातून मोकळा झाला होता आणि लॉस एंजेलिस क्लिपर्स या संघाकडे यायला तयार होता. सोबतीला त्याला ओक्लाहोमाचा पॉल जॉर्ज हवा होता. जॉर्ज २९ वर्षांचा, ऐन भरात. त्या हंगामात सामन्यामागे २८ गुणांची सरासरी, एमव्हीपीच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात तिसरा. क्लिपर्सनी त्याच्यासाठी डॅनिलो गालिनारी दिला, पहिल्या फेरीचे पाच पिक दिले, दोन वर्षं आपला पिक क्लिपर्सच्या पिकशी बदलून घेण्याचा हक्क ओक्लाहोमाला दिला आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एक पोरगा दिला. त्याचा एकविसावा वाढदिवस अजून व्हायचा होता.

शेची पहिल्या हंगामातली सरासरी होती १०.८ गुण. नुसत्या आकड्यावर तोलला तर जॉर्जच्या निम्माही नाही. पण त्याच एप्रिलमध्ये, प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीच्या मालिकांत, गोल्डन स्टेट संघाविरुद्ध चौथ्या सामन्यात त्याने २५ गुण केले होते. त्याचा खेळ नीट पाहा. तो सुसाट पळत नाही. चेंडू घेऊन आत शिरताना मधेच वेग कमी करतो, बचाव करणारा तोल सावरायला एक पाऊल मागे सरकतो आणि तेवढ्या फटीत हा शांतपणे उडी मारून चेंडू टाकतो. घाई म्हणून नाही. विसाव्या वर्षी ही समज ज्याच्याकडे आहे, त्याचे गुण आज किती आहेत हे मी दुय्यम मानतो. ताकद व्यायामाने येते, नेम सरावाने सुधारतो, पण समोरच्याला आपल्या तालावर खेळवणं शिकवून येतंच असं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. २०२० मध्ये क्लिपर्स प्लेऑफमध्ये डेन्व्हरविरुद्धची मालिका ३-१ अशा आघाडीवरून हरले. २०२१ मध्ये ते पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोचले, पण तोवर लेनर्डचा गुडघा गेला होता. २०२४ मध्ये जॉर्जचा करार संपला, तो फिलाडेल्फियाला गेला आणि क्लिपर्सना बदल्यात काहीही मिळालं नाही. इकडे ओक्लाहोमाने लागोपाठ दोन हंगाम पराभव पचवले; २०२०-२१ मध्ये तर ७२ पैकी फक्त २२ सामने जिंकले. २०२५ मध्ये तोच संघ अजिंक्य ठरला आणि शे एमव्हीपी.

त्या अंतिम फेरीत समोर होता इंडियाना, आणि त्याची कथाही जॉर्जपासूनच सुरू होते. २०१७ मध्ये इंडियानाने त्याला ओक्लाहोमाला देऊन व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमंटस सबोनिस घेतले. २०२२ मध्ये सबोनिस सॅक्रामेंटोला देऊन २१ वर्षांचा टायरीस हॅलिबर्टन आणला. म्हणजे एकाच खेळाडूच्या दोन सौद्यांतून दोन फायनलिस्ट उभे राहिले! सॅक्रामेंटोला मात्र मी हसणार नाही. सबोनिसला घेऊन त्यांनी १६ हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला, आणि तिथल्या प्रेक्षकांना त्याची किंमत विचारा.

तुम्ही म्हणाल, मग तयार खेळाडू घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण जेतेपद हाताशी असेल तर. टोरंटोने २०१८ मध्ये लेनर्डसाठी आपला लाडका डीमार डीरोझन दिला. लेनर्ड एकच वर्ष टिकला आणि त्या वर्षी अजिंक्यपद आलं. लेकर्सनी २०१९ मध्ये अँथनी डेव्हिससाठी ब्रँडन इंग्रम, लोन्झो बॉल, जॉश हार्ट आणि पिक दिले आणि पुढच्याच वर्षी जिंकले. दोन्ही सौदे मला पटतात, कारण त्या संघांनी ‘आज’ विकत घेतला आणि तो वापरला.

न पटणारा सौदा फेब्रुवारी २०२५ चा. डॅलसने लुका डोन्चिच लेकर्सना देऊन तोच डेव्हिस घेतला. लुका २५ वर्षांचा, आदल्या वर्षी संघाला अंतिम फेरीत नेणारा. तरुणही आणि तयारही. डेव्हिस बत्तिशीला टेकलेला, दुखापतींचा इतिहास असलेला. डॅलसकडून पहिल्याच सामन्यात तो जखमी होऊन बाहेर गेला. नोव्हेंबरमध्ये सरव्यवस्थापक निको हॅरिसनची नोकरी गेली. इतका उघड तोटा दिसत असताना हा सौदा झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

पैशाची बाजूही आहे. पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्याचा पगार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे, तुलनेने कमी, आणि करार चार वर्षांपर्यंत जातो. त्या स्वस्त वर्षांत वाचलेल्या पैशात बाकीचा संघ बांधता येतो. पण ही वर्षं संपतात. २०२५ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमाने शे, चेट होल्मग्रेन आणि जेलेन विल्यम्स या तिघांशीही मोठे करार वाढवले. आता पगाराचा डोंगर चढणार आणि कधीतरी कुणाला तरी सोडावं लागणार. माझं मत विचाराल तर विल्यम्सला हात लावू नये. २०२५ च्या अंतिम फेरीत, पाचव्या सामन्यात या २४ वर्षांच्या पोराने ४० गुण केले. तो २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर निवडला गेला, आणि तो पिकही क्लिपर्सनी जॉर्जसाठीच दिला होता.

नमस्कार.