जो कंट्रोलर तक्रार करतो, तो जिवंत असतो

मित्रहो, आजचा विषय जुन्या पोकलेनच्या वायरिंगचा आहे, आणि त्यातही एकाच प्रकारच्या बिघाडाचा. मॉनिटरवर ‘कम्युनिकेशन एरर’ येतो, इंजिन सुरू होते पण ॲक्सिलरेटरच्या डायलला दाद देत नाही, पंप जेमतेम बळावर चालतो आणि दगडाला बकेट लागताच यंत्र मान टाकते. अशा वेळी मालकाच्या कानावर पहिले वाक्य पडते ते ‘कंट्रोलर गेला’ हे; कंट्रोलर म्हणजे यंत्राचा एकेक भाग चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. वापरलेली यंत्रे दुरुस्त करताना हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे आणि बहुतेक वेळा ते चुकीचे ठरलेले पाहिले आहे. या चुकीची किंमत लाखाच्या घरात जाते, आणि ती मोजणारा माणूस बहुधा कर्जाचे हप्ते फेडत असतो, म्हणून मला या विषयाची कळकळ आहे.

आजच्या पोकलेनमध्ये इंजिनाचा कंट्रोलर, पंपाचा कंट्रोलर, केबिनमधला मॉनिटर आणि यंत्राची खबर दूरवर कळवणारा टेलिमॅटिक्सचा डबा हे सगळे दोन तारांच्या जोडीवर एकमेकांशी बोलतात. या पद्धतीला कॅन (कंट्रोलर एरिया नेटवर्क) म्हणतात. बॉश कंपनीने १९८३ मध्ये मोटारगाड्यांसाठी तिचे काम हाती घेतले आणि १९८६ मध्ये ती जाहीरपणे मांडली. पुढे जड वाहने आणि यंत्रे यांच्यासाठी तिच्यावर जे-१९३९ हा नियमसंच उभा राहिला. लाइन शांत असताना दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. संदेश जाताना ‘हाय’ तार साडेतीनच्या आसपास चढते आणि ‘लो’ तार दीडच्या आसपास उतरते, आणि ऐकणारा कंट्रोलर फक्त या दोहोंमधला फरक वाचतो. तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्यामुळे अल्टरनेटरचा किंवा सोलेनॉइडचा उपद्रव दोघींवर सारखाच पडतो आणि फरक जसाच्या तसा राहतो. हा पीळ शोभेसाठी नाही, हे जोड मारताना फार थोड्यांच्या लक्षात राहते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘पंप कंट्रोलरला इंजिनाचा संदेश मिळत नाही’ असा कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, मॉनिटरवर आला की मेकॅनिक पंप कंट्रोलरवर बोट ठेवतो. पण तो कोड पंप कंट्रोलरनेच नोंदवलेला आहे. म्हणजे त्याला वीज मिळते आहे, त्याचे डोके चालू आहे आणि न आलेल्या संदेशाची दखल घेण्याइतके भान त्याला आहे. शेजारचे घर दोन दिवस बंद आहे असे कोणी येऊन सांगितले, तर आपण सांगणाऱ्याच्याच घराचे कुलूप तोडत नाही. म्हणून कागद घ्यावा आणि कोण कोणाबद्दल तक्रार करतो आहे ते लिहून काढावे. सगळे मिळून एकाच कंट्रोलरचे नाव घेत असतील, तर आधी त्या गप्प बसलेल्या कंट्रोलरचा फ्यूज, रिले, पुरवठा आणि अर्थिंगची तार तपासावी, आणि तेही लोड देऊन, कारण दमलेल्या बॅटऱ्यांवर स्टार्टर फिरताना २४ व्होल्टचा पुरवठा इतका खाली येऊ शकतो की कंट्रोलर क्षणभर झोपतो आणि बाकीचे लगेच ओरड करतात. सगळेच सगळ्यांबद्दल ओरडत असतील, तर दोष मुख्य लाइनमध्ये शोधावा.

लाइन तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. चावी बंद करून, कंट्रोलर पूर्ण झोपेपर्यंत थांबून, बॅटरीचा कटऑफ काढून डायग्नोस्टिक सॉकेटवर हाय आणि लो यांच्यामधला रोध मोजावा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मीटरने ६० च्या आसपास दाखवले पाहिजे. १२० आले तर एक टोक हरवले आहे किंवा मधेच तार तुटली आहे. ४० आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवला आहे. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र ६० दिसले म्हणून लाइन निर्दोष ठरत नाही, कारण यंत्राच्या बॉडीला घासून उघडी पडलेली तार या मोजणीत निसटू शकते. त्यासाठी प्रत्येक तारेचा बॉडीशी संबंध वेगळा तपासावा, आणि मग चावी चालू करून दोन्ही तारांचे व्होल्ट पाहावेत. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून हाय अडीचच्या थोडी वर, लो थोडी खाली आणि दोन्हींची बेरीज पाचच्या जवळ अशी स्थिती असावी.

कोकणातल्या एका चिरेखाणीवरचे यंत्र मला या संदर्भात नेहमी आठवते. दुसऱ्या हाताने घेतलेले ते यंत्र चालता चालता एरर देई आणि चावी बंद करून पुन्हा चालू केली की अर्धा तास बरे चाले. या लक्षणाला कारण आहे. कंट्रोलर संदेश पाठवतानाच्या स्वतःच्या चुका मोजत असतो; तो आकडा २५५ च्या पुढे गेला की तो स्वतःहून लाइनवरून बाजूला होतो, आणि चावी फिरवली की हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. मालकाने नव्या कंट्रोलरची ऑर्डर देऊन ठेवली होती. मी मोजले तेव्हा ६० ओहम अगदी चोख होते. मग हेल्परला सीटमागचे हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हाताने हलवायला सांगितले, आणि मीटरचा आकडा ६० वरून १२० वर उडी मारून परत आला. इन्सुलेशन टेप सोलली तेव्हा आत चिकट काळा थर होता. जुन्या मालकाच्या काळात कोणीतरी ट्रॅकिंगचा डबा बसवला होता आणि नंतर कापून नेला होता. मागे उरलेल्या, सोल्डरचा डाग देऊन केलेल्या जोडाच्या कडेलाच लो तारेचे तांबे हिरवे पडून तुटले होते आणि केवळ टेपच्या दाबाने टोके एकमेकांना टेकून होती. डाग लावला की तार तेवढ्या भागात ताठ होते आणि इंजिनाच्या कंपाने नेमकी डागाच्या कडेला मोडते.

जिथे असा संशयाचा जोड चटकन सापडत नाही, तिथे लाइन मधोमध सोडवून अर्धी अर्धी तपासावी. रेझिस्टर दोन्ही टोकांना असल्यामुळे मधला कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, उघडला की प्रत्येक बाजूने १२० ओहम दिसले पाहिजेत; जी बाजू ते दाखवत नाही, तिच्यात दोष आहे, आणि मग तीच बाजू पुन्हा अर्धी करावी. हे करताना मीटरची जाड पिन कपलरच्या मादी टर्मिनलमध्ये कोंबू नये, कारण टर्मिनल फाकते आणि नवा बिघाड आपल्याच हातून तयार होतो. तारेच्या आवरणात सुई टोचणेही टाळावे; पहिल्याच पावसात त्या छिद्रातून पाणी शिरते.

त्या यंत्राचा खराब तुकडा कापून, तशाच पिळलेल्या जोडीचा नवा तुकडा क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडून, वर गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवली. कोड पुसले, इंजिन गरम होईपर्यंत बूम आणि स्विंग पूर्ण चालवले आणि मगच पुन्हा वाचले. थंड यंत्रावरची कोरी यादी मी ग्राह्य धरत नाही. ऑर्डर दिलेला कंट्रोलर मालकाने खोके न उघडता परत पाठवला. निघण्यापूर्वी केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख, ओहम, दोन्ही तारांचे व्होल्ट आणि सीटमागे जोड असल्याची नोंद मी लिहून ठेवली, म्हणजे पुढचा मेकॅनिक तिथूनच सुरुवात करील.