एक्सपल्स २०० ४व्ही: टेस्ट राइडमध्ये नेमकं काय तपासायचं

[दृश्य: ताम्हिणी घाट. डांबर संपून मुरूम आणि सैल खडी सुरू होते.]

हीरोच्या एक्सपल्स २०० ४व्ही या खराब रस्त्यांसाठीच्या मोटरसायकलची टेस्ट राइड शोरूमपासून पुढच्या सिग्नलपर्यंतच घेतली, तर एवढंच कळतं की गाडी उंच आहे आणि पिकअप बेताचा आहे. दोन्ही खरं आहे. १९९.६ सीसीचं ऑइल-कूल्ड इंजिन, साधारण १९ पीएस ताकद, १७.३५ न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर. २०२३ साली सुधारित मॉडेल आलं तेव्हा एक्स-शोरूम किंमत १.४३ लाखांपासून होती, आणि तेवढ्या पैशांत डांबरावर हिच्यापेक्षा जोरात पळणाऱ्या गाड्या मिळत होत्याच. इथे पैसे मोजायचे ते चाकांचे आणि सस्पेन्शनचे. म्हणून विक्रेत्याकडे हट्ट धरा आणि अर्धा किलोमीटर तरी खराब रस्ता राइडमध्ये घ्या.

निघण्यापूर्वी पाच मिनिटं उभ्या गाडीला द्या. सीट ८२५ मिलिमीटर उंच आहे. बेताच्या उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत. अशा वेळी सीटवर थोडं एका बाजूला सरकून एकच पाय नीट टेकवायचा. उतारावर मात्र पाय नेहमी चढाच्या बाजूचा. दरीकडच्या बाजूला जमीन आणखी खाली असते आणि गाडी तिकडेच कलंडते.

[दृश्य: मागच्या ॲक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत मेजरिंग टेप.]

आता मागचा शॉक. त्याचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, दहा टप्प्यांत बदलता येतो, पण बहुतेकांच्या गाडीत तो जसा आला तसाच राहतो. मागचं चाक अधांतरी असेल अशी गाडी उचलून धरा आणि ॲक्सलपासून वरच्या एका ठरावीक खुणेपर्यंत माप घ्या. मग हेल्मेट, जॅकेटसह स्वार होऊन तेच माप पुन्हा घ्या. फरक ५५ मिलिमीटरच्या आसपास हवा, म्हणजे मागच्या १७० मिलिमीटर ट्रॅव्हलचा (चाक वर-खाली जास्तीत जास्त जेवढं हलू शकतं त्या अंतराचा) साधारण तिसरा हिस्सा. फरक फार जास्त आला, तर खड्ड्यात शॉक तळाला आपटणार. फार कमी आला, तर मागचं चाक दगडांवरून उड्या मारत जाणार. मागे माणूस किंवा सामान घेताना प्रीलोड वाढवायलाच हवा. नाहीतर मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल नुसतंच फिरतं.

मुरूम लागला की उभे राहा. गुडघ्यांनी टाकी धरा, वजन फुटपेगवर द्या, हात सैल ठेवा. पाठ वाकवावी लागत असेल, तर हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट ढिले करून हँडल थोडं पुढे फिरवून घेता येतं.

[दृश्य: पुढचं चाक खड्ड्यावरून जातं, स्लो मोशन.]

इथे २१ इंची चाकाचं काम दिसतं. १७ इंची चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि समोरच्या कडेवर जवळजवळ सरळ आदळतं. मोठ्या चाकाचा घेर तीच कड तिरक्या कोनात घेतो आणि वर चढून जातो. उरलेला दणका पुढच्या १९० मिलिमीटर ट्रॅव्हलमध्ये मुरतो. पोटाखाली २२० मिलिमीटर जागा असल्यामुळे दगड दिसला की दर वेळी गाडी वळवावी लागत नाही. खराब रस्त्यावर ही गाडी इतकी निवांत चालते, की हिची खरी किंमत इथेच वसूल होते.

घाटातल्या चक्री वळणावर हेच चाक संयम ठेवायला लावतं. ते वळायला सावकाश आहे. वळणाच्या मध्यात पुढचा ब्रेक दाबलात, तर लांब फोर्क (पुढचं सस्पेन्शन) खाली बसतो आणि गाडीची दिशा बिघडते. ब्रेकचं काम वळणाआधीच उरकायचं, दुसरा गिअर टाकून मगच आत शिरायचं.

२०२३ पासून एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) तीन मोड आहेत: रोड, ऑफ-रोड आणि रॅली. एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचं चाक तिन्ही मोडमध्ये लॉक होऊ शकतं. रॅलीमध्ये एबीएस पूर्ण बंद होतं. ज्याला सैल मातीत पुढचा ब्रेक बोटाने मोजून दाबता येतो, त्यानेच तो मोड वापरावा. नवख्यासाठी ऑफ-रोड मोड पुरेसा आहे.

[दृश्य: ओढा. आधी पायी चालून खोली बघितली जाते.]

पाणी लागलं, तर आधी पायी जाऊन तळ आणि खोली बघा. पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर असेल तर परत फिरा. पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, मध्ये क्लच दाबायचा नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

हायवेवर ८० पर्यंत गाडी खुशीत असते. नव्वदच्या पुढे इंजिनावर ताण जाणवतो आणि ओव्हरटेकसाठी मोकळी जागा बघावी लागते. रोज शंभरच्या वेगाने लांब जायचं असेल, तर दुसरी गाडी बघा.

एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही: टायर ट्यूबचे आहेत. मातीसाठी हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की पकड वाढते. त्याहून खाली गेलात, तर ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटून एकदम दोन भोकं पडतात. डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरायची. सोबत दोन टायर लिव्हर, पंप, पॅच आणि २१ इंची ट्यूब ठेवा. ती ट्यूब अडीनडीला मागच्या १८ इंची टायरमध्येही घालता येते; १८ इंची ट्यूब मात्र पुढे ताणून बसवू नका. परतल्यावर प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकं ठोका. घट्ट स्पोक खणखणतो, ढिला थप्प वाजतो. असे दोन-तीन लागोपाठ सापडले, तर चाक ट्रूइंगला, म्हणजे स्पोक ताणून सरळ करायला द्या.