रिप्ले कुणाचा दाखवायचा?

(पडद्यावर: रात्रीची मॅच, फ्लडलाइट, हेल्मेट घातलेले खेळाडू)

14 ऑक्टोबर 2002, अमेरिकेतलं सिएटल. मंडे नाइट फुटबॉलची मॅच चालू आहे, म्हणजे त्यांचं ते हेल्मेट घालून खेळायचं फुटबॉल. टेरेल ओवेन्स नावाचा खेळाडू टचडाउन करतो, म्हणजे बॉल समोरच्या टीमच्या गोलरेषेपलीकडे नेतो, मग वाकतो, मोज्यातून मार्कर पेन काढतो, बॉलवर सही ठोकतो आणि बॉल प्रेक्षकांत बसलेल्या ओळखीच्या माणसाच्या हातात देतो. सगळी अमेरिका बघतेय आणि त्याला ते पक्कं माहितीये.

आता पेन मोज्यात आधीपासून होतं ना, तीच गंमत आहे. आनंद झाला आणि भरात काहीतरी करून बसला, असं ते नव्हतंच. पुढच्या वर्षी जो हॉर्न नावाच्या खेळाडूने त्याच्यावर कडी केली, गोलपोस्टच्या गादीत मोबाइल लपवला आणि टचडाउन झाल्यावर तो काढून सरळ कानाला लावला. लीगने 30,000 डॉलर दंड केला. दंड एकदा भरला, विषय संपला, क्लिप मात्र वीस वर्षांनंतरही फिरतेच आहे. कोणता सौदा फायद्याचा हे शाळकरी पोराला पण कळेल, आणि कळतंच.

आपण समजतो की मॅच होते आणि टीव्ही ती दाखवतो. पण टीव्ही मॅच निवडून दाखवतो, आणि काय निवडलं जातं ते खेळाडू बरोबर हेरतात.

(पडद्यावर: जुनी क्रिकेटची दृश्यं, बॅट्समनची पाठ)

1977 च्या आधी क्रिकेट टीव्हीवर बघणं म्हणजे जरा वैतागच होता, कारण मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला, त्यामुळे एक ओव्हर बॅट्समनचं तोंड दिसायचं आणि पुढची ओव्हर नुसती पाठ. केरी पॅकर या टीव्हीमालकाने ऑस्ट्रेलियात वर्ल्ड सिरीज नावाची स्वतःची क्रिकेट स्पर्धा सुरू केली तेव्हा त्याच्या चॅनल नाइनने दोन्ही टोकांना कॅमेरे लावले, स्टंपजवळ माइक ठेवला, मग रंगीत कपडे, पांढरा बॉल, रात्रीच्या मॅचेस, सगळं एकामागोमाग आलं. आणि क्लोजअप आला. बॉलर विकेट घेतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे आधी पहिल्या रांगेतल्या माणसाला पण नीट दिसत नव्हतं, आता ते घराघरात दिसायला लागलं.

मैदानाबाहेर एक ट्रक उभा असतो, ओबी व्हॅन. आत अंधार, भिंतभर छोटे छोटे स्क्रीन, प्रत्येकावर वेगळ्या कॅमेऱ्याचं चित्र, समोर डायरेक्टर, बाजूला रिप्लेवाले. क्रिकेटमध्ये बॉल टाकून झाला की पुढचा पडेपर्यंत अर्धा मिनिट सहज जातो, विकेट पडली तर त्याहून कितीतरी जास्त, आणि तेवढा वेळ पडदा रिकामा ठेवता येत नाही. मग काय दाखवणार? गवत? म्हणून चेहरे दाखवतात. एक कॅमेरा बॉलरच्या तोंडावर लावूनच ठेवलेला असतो, बॉल कुठेही जाऊ दे. फिल्डर बॅट्समनकडे बघून काही पुटपुटला की रिप्लेवाल्याने क्लिप मार्क केलीच, डायरेक्टरचा आवाज आला की स्लो मोशनमध्ये ती हवेत. यात कुणाचा कट वगैरे नाही, भरायची जागा आहे आणि रागावलेल्या चेहऱ्याने ती सगळ्यात झटपट भरते.

आणि मग तोच चेहरा पुढच्या सिरीजच्या प्रोमोत. दोन-तीन वर्षांपूर्वीचं भांडण, ढोल, बदला घेणार का वगैरे. त्याच चॅनलवर मॅचनंतर एक्सपर्ट बसून गंभीर तोंडाने सांगतात की असं वागणं खेळाला शोभत नाही. म्हणजे चिमटा पण आम्हीच काढणार आणि पाळणा पण आम्हीच हलवणार!

(पडद्यावर: कॉर्नर फ्लॅग, पिवळी जर्सी)

नाटकाचं काय सांगायचं. 2002 चा फुटबॉल वर्ल्ड कप, ब्राझील विरुद्ध तुर्कस्तान, मॅच संपत आलेली. ब्राझीलचा रिवाल्डो कॉर्नर घ्यायला उभा आहे, तुर्कस्तानचा हाकान उन्साल वैतागून बॉल त्याच्याकडे मारतो, बॉल लागतो मांडीला आणि रिवाल्डो कोसळतो तोंड धरून. उन्साल बाहेर. रिप्लेमध्ये जगाने बघितलं की बॉल तोंडाच्या आसपास पण नव्हता. नंतर फिफाने दंड केला, बंदी नाही, आणि त्या वर्षी कप ब्राझीलनेच उचलला.

पण हाच कॅमेरा पोलीस पण आहे, हे मान्य करायलाच पाहिजे. 2014 च्या वर्ल्ड कपमध्ये लुईस सुआरेझ इटलीच्या किएलिनीला चावला, रेफ्रीने तेव्हा काही कारवाईच केली नाही, कॅमेऱ्याला मात्र दिसलं आणि नऊ आंतरराष्ट्रीय मॅच अधिक चार महिने फुटबॉलमधून सुट्टी. 2018 मध्ये केपटाउनला ऑस्ट्रेलियाचा बॅनक्रॉफ्ट सँडपेपरने बॉल घासताना सापडला तो अंपायरला नाही, टीव्हीच्या लोकांना, आणि आपल्यावर नजर आहे कळल्यावर तो तुकडा पँटच्या आत कोंबताना पण कॅमेरा चालूच होता. कॅप्टन स्मिथ आणि व्हाइस कॅप्टन वॉर्नरला एकेक वर्ष बंदी, बॅनक्रॉफ्टला नऊ महिने. कॅमेरे नसते तर ती टेस्ट नेहमीसारखी संपली असती आणि आपण स्कोअर विसरून पण गेलो असतो.

फक्त यातून खेळाडू सुधारतातच असं नाही, काही जण नुसते हुशार होतात. तोंडावर हात ठेवून बोलणं आता सगळीकडे दिसतं, कारण ओठ वाचणारे लोक असतात. स्टंप माइक चालू आहे म्हणून कुणी जपून बोलतो, कुणी मुद्दाम माइकला ऐकू जाईल असं बोलतो.

(पडद्यावर: लहान मुलांची मॅच, मैदानाच्या कडेला दप्तरं)

आता मुलांकडे येऊ. कुठल्याही मैदानावर बारा वर्षांच्या आतल्या पोरांची मॅच बघा. बॉल पॅडला लागतो, अपील होतं, अंपायर म्हणून उभे असलेले सर मान हलवतात, आणि बॉलर दोन्ही हातांनी टी करून दाखवतो. रिव्ह्यू! थर्ड अंपायर नाही, कॅमेरा नाही, साधा स्कोअरबोर्ड पण धड नाही, तरी टी. सगळी हसतात, सर पण हसतात, पुढचा बॉल पडतो. मग विकेटकीपर स्टंपकडे झुकून मोठ्याने टोमणा मारतो, जिथे माइक असतो ना तिथे. या पोरांना हे कुणीच शिकवलेलं नाही, त्यांच्या दृष्टीने हा खेळाचाच भाग आहे, ग्लोव्ह्ज घालण्यासारखा.

मुलं बघून करतात हे मानसशास्त्रात जुनं झालं. अल्बर्ट बांडुराने 1961 मध्ये तो प्रसिद्ध बाहुल्याचा प्रयोग केला, मोठ्या माणसाला बाहुल्याला झोडपताना बघितलेली मुलं तसंच झोडपायला लागली, आणि 1963 च्या प्रयोगात तेच फिल्मवर दाखवलं तरी मुलांनी नक्कल केलीच. आता बाहुल्याला मारणं आणि मैदानावर भांडणं एकच नाही, लॅबमधून सगळं सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. पण नकलेला समोर माणूस लागत नाही, चित्र पुरतं, एवढं दिसतं.

एक साखळी बघा. 2017 मध्ये जमैकात वेस्ट इंडिजच्या केस्रिक विल्यम्सने कोहलीला आउट करून हवेत वही धरल्यासारखं केलं आणि त्यात नाव टिपलं. 2019 मध्ये हैदराबादला कोहलीने त्यालाच सिक्स मारून तीच वही परत काढली, ती क्लिप किती वेळा लागली याला गणतीच नाही. 2025 च्या आयपीएलमध्ये दिग्वेश राठी, नवा पोरगा, पहिलाच सीझन, विकेट घेतली की वही. दंड झाला, परत वही, परत दंड, शेवटी एका मॅचची बंदी. मला त्या पोराचा राग येत नाही खरं सांगायचं तर, त्याने जे वर्षानुवर्षं कौतुकाने दाखवलेलं बघितलं तेच केलं.

नक्कल वाईटच असते असंही नाही हां. 1992 चा वर्ल्ड कप, ब्रिस्बेन, जाँटी ऱ्होड्सने पॉइंटवरून बॉल उचलला आणि थ्रो न करता धावत येऊन हवेत झेपावत अख्ख्या स्टंपांवर पडला, इंझमाम रनआउट. त्या एका रिप्लेने फिल्डिंगला ग्लॅमर आणलं, नाहीतर तोवर कपडे मळवायची हौस कुणाला होती.

मला खरी काळजी वाटते ती न दाखवलेल्या गोष्टींची. टेस्टच्या एका दिवसात 90 ओव्हर, म्हणजे 540 बॉल, हायलाइट्समध्ये उरतात चौकार आणि विकेटा. सोडलेला बॉल कापला जातो. ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल सोडणं हे ओपनरचं निम्मं काम, आणि हायलाइट्सवर वाढलेल्या मुलाने ते कधी बघितलेलंच नसतं, त्याच्या हिशोबाने प्रत्येक बॉल मारायचाच असतो. फुटबॉलमध्ये तर अजून अवघड, 90 मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी बॉल असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं, बाकी वेळ जागा पकडणं, मागे पळणं, समोरच्याचा रस्ता अडवणं, आणि टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे. डिफेंडर काय करतो हे शिकायचं तर मैदानात जाऊन एकाच माणसावर डोळा ठेवून बसावं लागतं, पहिल्या वीस मिनिटांत कंटाळा येतो, पण नंतर हळूहळू दिसायला लागतं.

(पडद्यावर: ओबी व्हॅनचे स्क्रीन, त्यातला एक मैदानाच्या कडेवर)

टीव्हीवाले म्हणतात, जे घडतं ते दाखवणं आमचं काम. बरं. पण मॅच चालू असताना कुणी प्रेक्षक उडी मारून मैदानात घुसला तर काय होतं आठवा. बहुतेक मोठ्या प्रक्षेपणांत चित्र लगेच लांबच्या शॉटवर जातं किंवा प्रेक्षकांवर, कॉमेंटेटर एखादं वाक्य बोलून विषय बदलतो, रिप्ले तर नाहीच. कारण सरळ आहे, एकाला दाखवलं की पुढच्या मॅचला दुसरा घुसणार. दाखवल्याने नक्कल होते हे त्या ट्रकमध्ये बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, त्यावर नियम पण आहेत, आणि ते पाळले पण जातात.

मग दोन खेळाडूंच्या धक्काबुक्कीचा सहावा अँगल कुणासाठी असतो? घुसखोराच्या क्लिपवर पुढच्या सिरीजचा प्रोमो बनत नाही, स्टारच्या भांडणावर बनतो.