उद्यमनगरात आता गाड्या बोअरला का येत नाहीत?

(दृश्य: कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, सकाळ. बाकावर फियाटचा जुना ब्लॉक. कॅमेरा सिलिंडरच्या तोंडाशी.)

हा फियाटच्या इंजिनचा ब्लॉक, सिलिंडर ज्यात असतात ते धड. म्हणजे पुढं जिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं ती गाडी, 1089 सीसी, चार सिलिंडर, एकेक सिलिंडर 68 मिलिमीटर व्यासाचा. मिस्त्रींनी आत बोट घातलंय आणि वरच्या काठाजवळ नखानं काहीतरी चाचपतायत. बघा, तिथं नख अडकलं. पिस्टनची वरची रिंग जिथपर्यंत येऊन परत फिरते, त्याच्या वरचं लोखंड अजून मूळ मापाचं आहे आणि खालचं घासून गेलंय, म्हणून मधे एक बारीक पायरी तयार झालीय. ती नखाला लागली की मिस्त्री गेज नंतर काढायचे, आधी मालकाला सांगायचे, "बोअरला आलंय ओ."

मग ब्लॉक मशीनवर चढायचा. टेन, ट्वेंटी, थर्टी, म्हणजे इंचाचे हजारांश, तेवढं सिलिंडर मोठं करायचं, त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा घालायच्या, क्रँक ग्राइंडिंगला पाठवायचा, व्हॉल्व घासून बसवायचे. सगळी मापं संपली की लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसणारी नवी नळी, ठोकायचा आणि परत पहिल्यापासनं सुरू. आणि हे काय गाडी म्हातारी झाल्यावर नाही, लाखभर किलोमीटर व्हायच्या आत एकदा तरी ठरलेलं. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांच्या मीटरला आकडेच पाच असायचे, 99,999 झालं की परत शून्य, त्याच्या पुढं जायचं म्हणजे कौतुकच.

(दृश्य: शेजारी मारुती 800चा ब्लॉक ठेवतात.)

आता हा मारुती 800चा. डिसेंबर 1983ला ही गाडी आली. 796 सीसी, तीन सिलिंडर, आणि सिलिंडरचं माप किती, तर 68.5 मिलिमीटर. म्हणजे फियाटपेक्षा फक्त अर्धा मिलिमीटर जास्त. दोन्ही ब्लॉक बिडाचे, दोन्हीचं हेड ॲल्युमिनियमचं, ताकदही जवळपास सारखीच. तरी पण ही गाडी लाख, दीड लाख इंजिन न खोलता पळायची आणि मिस्त्री लोक आधी चक्रावलेच, कारण गाडी गॅरेजला येईच ना.

मग तेव्हापासून आजपर्यंत फरक कुठं कुठं पडला? लोक म्हणतात जपानी टेक्नॉलॉजी. म्हणतात म्हणजे काय, खरंच आहे ते, पण तेवढ्यावर सोडलं तर गंमत जाते सगळी.

पहिली गोष्ट चोक. थंडीतल्या सकाळी चोक ओढल्याशिवाय जुनी गाडी सुरू व्हायची नाही. चोक ओढला की कार्बोरेटरमधनं हवा कमी आणि पेट्रोल भरपूर जातं, आणि थंड इंजिनात त्या पेट्रोलची धड वाफ होत नाही, ते तसंच ओलं सिलिंडरच्या भिंतीवर बसतं आणि तिथलं ऑइल धुऊन काढतं. रिंग कोरड्या लोखंडावर घासते. वर परत रेडिएटरमधे साधं नळाचं नाहीतर विहिरीचं पाणी, त्यानं आत गंज आणि क्षार, आणि उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून मिस्त्रीच थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून फेकून द्यायचे. तापणं कमी व्हायचं खरं, पण मग इंजिन गरमच व्हायचं नाही, चोक जास्त वेळ ओढून ठेवायला लागायचा आणि झीज वाढायची. म्हणजे औषधानंच आजार. मिस्त्रींना हे विचारलं तर हसतात, म्हणतात, "आमीच काढायचो की. गिऱ्हाईक घाटात अडकलं तर शिव्या कुणाला बसायच्या?"

घाटाचं खरंच होतं. कोल्हापूर-मुंबई म्हणजे खंबाटकी आला, आणि मे महिन्यात खंबाटकीत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या ॲम्बेसिडर आणि फियाटची रांग हे नेहमीचं. इंजिनच्या उष्णतेनं पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची, मेकॅनिकल पंप तो, वाफ ओढता येत नाही त्याला, गाडी बंद. ओलं फडकं पंपावर टाकायचं आणि वाट बघायची. डिकीत पाण्याचा कॅन, फॅनबेल्ट, जादा प्लग, पॉइंटचा सेट, पाने. आज मुंबईला निघताना आपण चार्जर घेतला का बघतो, बस.

आणि रविवार! रविवार गाडीचाच असायचा. प्लग काढून ब्रशनं घासा, गॅप बघा, टॅपेट लावा, डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंट पॉलिश पेपरनं घासा. हा पॉइंट म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्याही आतल्या फटीचा एक यांत्रिक स्विच, गाडी चालू असताना मिनिटाला हजारो वेळा उघडझाप करणारा. त्याची फायबरची टाच कॅमवर घासून झिजायची, मग गॅप कमी व्हायची, त्यामुळं टायमिंग सरकायचं, ॲव्हरेज पडायचं, गाडी चढाला दम टाकायची. बिघाड म्हणावा असं काहीच झालेलं नसायचं, सगळं आपापल्या गतीनं झिजत असायचं आणि ते सारखं जागेवर आणून ठेवायचं, ह्यालाच मेंटेनन्स म्हणायचे.

आता तो पॉइंटच नाही. कार्बोरेटर पण नाही. मारुती 800 सुद्धा 2000च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाली झाली. इंजेक्टर मोजून पेट्रोल सोडतो, सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळलेल्या धुरात काय उरलंय ते कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर पुढचं माप दुरुस्त करतो. आपण रविवारी स्क्रू ड्रायव्हरनं जे करत होतो ते आता सेकंदाला कितीतरी वेळा होतंय. ह्यात भिंतीवरचं ऑइल धुतलं जाणं जवळपास थांबलं, आणि माझ्या मते इंजिनचं आयुष्य वाढवण्यात ह्याचा वाटा सगळ्यात मोठा आहे, भले त्याची जाहिरात कधी झाली नाही.

पेट्रोल पण बदललं. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल. शिसं गेलं, प्लगवर बसणारा तो राखाडी थर गेला. डिझेलमधलं गंधक एके काळी पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) हजारांत मोजायला लागायचं, 2020च्या बीएस-6 ह्या प्रदूषण नियमापासून 10 पीपीएम. गंधक जळलं की पाण्याच्या वाफेबरोबर ॲसिड तयार होतं आणि ते ऑइलमधेच उतरतं, इंजिनला आतनं खातं. ऑइल तर काय विचारूच नका, तेव्हा चाळीस नंबरचं घट्ट ऑइल, दोन-तीन हजार किलोमीटरला बदला. आता थंडीत पातळ राहणारं आणि गरम झाल्यावरही टिकणारं 5डब्ल्यू-30, आणि बदलायचं दहा हजारला.

(दृश्य: शिरोली एमआयडीसी. फौंड्रीत ओतकाम चालू.)

आणि इथं कोल्हापूर दुसऱ्या बाजूनं येतं. ऊस, गुऱ्हाळं, पाण्याचे पंप, त्यासाठी ऑइल इंजिनं, इंजिनं दुरुस्त करता करता ती बनवणं, मग फौंड्र्या, असा ह्या गावाचा प्रवास. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथनं आज देशभरातल्या गाडी कंपन्यांना कास्टिंग जातंय, ब्लॉक, हेड आणि काय काय. चौदाशे डिग्रीच्या आसपास तापलेलं लोखंड साच्यात पडतंय त्याच्या आधीच वाळूतला ओलावा मोजलाय, लोखंडाचा नमुना तपासलाय. पुढं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, सिलिंडर मायक्रॉनमधे तासायचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शेवटी होनिंग, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत बारीक घासणं.

जरा जवळनं बघा. आत तिरक्या रेघांची जाळी दिसतेय ना? ह्या रेघांत ऑइल धरून राहतं. पण रेघांची नुसती टोकं तेवढी नंतर हलक्या हातानं घासून सपाट केलेली असतात, त्याला प्लॅटो होनिंग म्हणतात. पूर्वी ही टोकं रिंगच घासून सपाट करायची, म्हणून नवीन बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर हळू चालवायचं, ओढायचं नाही. रन-इनचं बरंचसं काम आता कारखान्यातच होऊन येतंय. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं हातानं आणि रॉकेल सोडत जे होनिंग केलं तेच काम, पण हजारो ब्लॉकवर, एकासारखं एक. मिस्त्रीचा हात वाईट होता असं अजिबात नाही हो, लय चांगला होता. पण तो गाडी बिघडल्यावर लागायचा.

दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक ही जुनी गाडी दसरा चौकात येते तेव्हा फोटोला झुंबड उडते. उडायलाच पाहिजे, काय गाडी आहे! पण जुनी गाडी मजबूत, नवी गाडी पत्र्याचा डबा असं त्या गर्दीत कुणी म्हणालं तर पत्र्याबद्दल बोला, इंजिनबद्दल बोलू नका.

नव्या इंजिनांचे रोग वेगळे आहेत. बीएस-6 डिझेल घेऊन रोज राजारामपुरी ते रंकाळा एवढंच फिरलं तर सायलेन्सरमधला फिल्टर गरमच होत नाही, काजळी जळत नाही, तो तुंबतो. टायमिंग बेल्ट बदलायचा राहिला आणि तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. जुन्या कार्बोरेटरवाल्यांना आता 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची काळजी, जुने रबरी पाइप त्यानं खराब होतात, ते बदलून घ्यावे लागतायत, आणि ते इथेनॉल आपल्याच उसाचं असणार म्हणून तक्रार तरी कुणाकडं करायची!

पण सगळ्यात मोठा धडा पुरानं दिला. 2019 आणि 2021. जुनी फियाट पाण्यात गेली की डिस्ट्रिब्युटर आणि वायरी भिजायच्या, करंट जायचा, गाडी जागेवर बंद. ढकलून बाहेर काढा, पुसा, वाळवा, सुरू. नव्या गाडीचं इग्निशन पाण्यापासनं इतकं जपलेलं की ती बंदच पडत नाही, चालत राहते आणि एअर फिल्टरच्या वाटेनं पाणी ओढते. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, जागा नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. काहींच्या गाड्या पार्किंगमधेच बुडाल्या होत्या, तोवर इंजिनचं फारसं बिघडलं नव्हतं, पाणी ओसरल्यावर बघू तरी म्हणून सेल्फ मारला आणि तेव्हा रॉड गेले. बॅटरी सोडवायची, टो करून न्यायची, प्लग काढून सिलिंडर मोकळे करायचे, ऑइल चहासारखं झालंय का बघायचं, मगच पुढचं.

आणि इंजिन असं गेलं तर बोअर मारून भागेलच असं नाही. बऱ्याच नव्या ॲल्युमिनियम ब्लॉकमधे लायनर पातळ, ओव्हरसाइज पिस्टन कंपनी देतच नाही. ब्लॉकच बदला. हे बिल बघून लोकांना फियाट आठवते.

(दृश्य: गॅरेजच्या दारात पाच वर्षांची हॅचबॅक. मिस्त्री बॉनेट उघडतात.)

"मालक, ह्याच्या आधी बॉनेट कधी उघडला हुता?"

"सर्व्हिसिंगला. गेल्या दिवाळीत बहुतेक. गाडीला काय त्रासच नाही ओ."

"त्रास न्हाई म्हणूनच इचारलं."

मिस्त्री डिपस्टिक काढतात, फडक्यानं पुसतात, परत घालून काढतात. ऑइल खालच्या खुणेच्या पण खाली. टोकाला फक्त काळा ठिपका. ते काडी मालकाच्या हातात देतात आणि पोराला हाक मारतात, "ये, तीन लिटर घिऊन ये, आन् फिल्टर पण आण."