फक्त एक तोंड: बिली व्हाइटलॉ आणि 'नॉट आय'

[काळा पडदा. मधोमध ओठ, दात, जीभ. वीसेक सेकंद निवेदन नाही.]

चेहरा नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. दिसतंय ते एक तोंड, आणि ते थांबायला तयार नाही. हे तोंड ब्रिटिश अभिनेत्री बिली व्हाइटलॉ यांचं. नाटक आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेट यांचं, 'नॉट आय'. बीबीसीनं हा प्रयोग १९७५ मध्ये चित्रित केला आणि १९७७ मध्ये दाखवला.

बोलणारी बाई सत्तरीच्या घरातली. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, आईबापांनी टाकलेली, जन्मभर जवळजवळ मुकी. एप्रिलमध्ये एकदा माळावर फुलं शोधत फिरताना डोळ्यांपुढं अंधार होतो, डोक्यात घोंघावू लागतं, आणि मग वाचा फुटते ती ही अशी. एकही वाक्य धड पुरं होत नाही. संहितेत नुसते तुकडे, आणि दोन तुकड्यांमध्ये तीन टिंबं. कधी बाजारातली खरेदी, कधी कोर्ट, कधी तळहातावर पडलेले स्वतःचेच अश्रू. कहाणी उघडच तिची आहे. पण 'मी' म्हणायला ती काही केल्या तयार होत नाही. आतून कुणीतरी टोकतं, ती अडखळते, आणि ओरडून सांगते: मी नाही, ती!

नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते न्यूयॉर्कमध्ये, नोव्हेंबर १९७२ मध्ये. भूमिका जेसिका टँडी यांची होती. प्रेक्षकांना शब्द कळतील की नाही याची बेकेटना फारशी फिकीर नव्हती. नाटक बुद्धीवर नाही, मज्जातंतूंवर चाललं पाहिजे, असं त्यांनी टँडींना सांगितलं होतं.

[छायाचित्र: लंडनचं रॉयल कोर्ट थिएटर]

जानेवारी १९७३ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये ही भूमिका व्हाइटलॉ यांनी केली. दिग्दर्शक अँथनी पेज, आणि तालमींना स्वतः बेकेट हजर. एक गोष्ट मला राहून राहून चकित करते. ब्रॅडफर्डमध्ये वाढलेल्या या मुलीला लहानपणी तोतरेपणाचा त्रास होता. अभिनयानं जीभ सुटेल म्हणून आईनं तिला त्या वाटेला लावलं, आणि अकराव्या वर्षी ती रेडिओवर बोलू लागली. तीच मुलगी पुढं रंगभूमीवरचं हे सुसाट तोंड झाली.

हा वेग फुकटचा नव्हता. व्हाइटलॉ यांना उंचावर खुर्चीत बसवून बांधलं जाई. डोकं हलू नये म्हणून ते पकडीत अडकवलेलं, अंगावर आणि ओठ सोडून उरलेल्या चेहऱ्यावर काळं कापड, उजेड फक्त ओठांवर. प्रेक्षकांना मंचापासून आठेक फूट उंचीवर, अंधारात तरंगणारा एक ठिपका दिसायचा. नटीला मात्र काहीच दिसत नसे. एका तालमीत त्यांचं भान हरपलं. आपण अवकाशात गरगरत कोसळतोय असं वाटलं, आणि त्या खचून गेल्या. मग हातांनी घट्ट धरायला एक दांडी दिली गेली. प्रत्येक प्रयोगात त्या दांडीच्या आधारानं टिकून राहिल्या. संहिता पहिल्यांदा वाचली तेव्हाच त्यांना तिच्यात आतली किंकाळी ऐकू आली होती.

[पुन्हा ओठ. या वेळी आवाज बंद.]

आता चित्रणाकडे येऊ. रंगमंचावर या तोंडाबरोबर आणखी एक आकृती असते: पायघोळ झग्यातला, मुका ऐकणारा. ती 'मी' नाकारते तेव्हा तो हतबलपणे हात उचलतो. टीव्हीसाठी बेकेटनी त्याला काढूनच टाकलं. योग्यच केलं, असं माझं मत. कॅमेरा इतक्या जवळ आल्यावर त्याला जागाच कुठं उरली होती? नाट्यगृहात ठिपक्याएवढं असलेलं तोंड इथं पडदाभर होतं, आणि जे मागच्या रांगेला कधीच दिसलं नसतं ते सगळं दिसू लागतं. ओठांच्या कोपऱ्यात साचणारी लाळ, दातांवर आपटणारी जीभ, कशीबशी चोरून घेतलेली श्वासाची फट. म्हणून याला नाटकाची नुसती नोंद म्हणणं मला पटत नाही. रंगमंचावर जे ऐकायचं होतं ते इथं आधी बघावं लागतं. आवाज बंद करूनही हे चित्रण सहन होत नाही, हे आत्ता तुम्ही अनुभवलंच.

पुढं बेकेटनी 'फुटफॉल्स' हे नाटक व्हाइटलॉ यांच्यासाठीच लिहिलं. उतारवयात व्हाइटलॉ यांनी लिसा ड्वान या आयरिश अभिनेत्रीला 'नॉट आय' शिकवलं. ड्वान ते नऊएक मिनिटांत संपवतात. बीबीसीच्या चित्रणाला बारा-तेरा मिनिटं लागतात. घड्याळ लावून बसणाऱ्यांनी खुशाल ड्वान यांना पहिला नंबर द्यावा.

मी मात्र व्हाइटलॉ यांच्याकडे परत येते ते दोन हसण्यांसाठी. दयाळू देवावर विश्वास ठेवायला या बाईला अनाथाश्रमात शिकवलेलं असतं. ते आठवताना 'दयाळू' या शब्दावर ती जरासं हसते आणि 'देव' या शब्दावर मोकळेपणी. त्या सुसाट धबडग्यात व्हाइटलॉ दोन हसणी वेगळी ठेवतात, आणि दुसरं संपतं न संपतं तोच शब्द पुन्हा सुटलेले असतात.

[दोन्ही हसण्यांचा तुकडा, मूळ आवाजासह.]