पौषातलं कार्यालय

(सकाळ. कार्यालयाचं फाटक. वर मागच्या लग्नातलं थर्मोकोलचं 'शुभविवाह', त्यातला 'वि' गळून पडलेला.)

पौषात लग्नं नसतात. सांगलीतली कार्यालयं या महिन्यात ओस पडतात आणि मालक भाड्यात खाली यायला तयार होतो. आज इथं जमणाऱ्या मंडळींनी हा रविवार निवडला तो एवढ्याच हिशेबानं. म्हणजे मुहूर्त बघूनच, फक्त उलट्या बाजूनं.

स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्या तशाच आहेत. एकीवर प्रोजेक्टर ठेवलाय. दुसरीवर पुठ्ठ्याचा रोबो बसवलाय. येणारा प्रत्येक जण त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतोय. आहेर मात्र कुणी आणलेला नाही.

विज्ञानकथा वाचणारे, बघणारे आणि त्यावरून तासन्‌तास भांडणारे लोक आज दिवसभर इथं असणार आहेत. या कार्यक्रमाला अजून नाव नाही. संमेलन म्हणावं, तर अध्यक्ष नाही. मेळावा म्हटलं, तर लोक विचारतात कुठल्या पक्षाचा. शिबिर म्हटलं की रक्तदानाचं वाटतं. दाराशी वहीत नावं लिहून घेणारा पोरगा म्हणतो, "आम्ही नुसतं 'रविवारचं' म्हणतो. कळतंय सगळ्यांना."

(जुन्या पुस्तकाचं शेवटचं पान. चिकटवलेला पिवळट कागद, त्यावर तारखांचे शिक्के.)

सगळं सुरू झालं ते या कागदावरून. वाचनालयाच्या पुस्तकात मागं असा कागद असतो. त्यावर परत करायची तारीख, शेजारी सभासद क्रमांक. आयटीआयमधून निवृत्त झालेले एक फिटर निदेशक आपल्या वाचनालयातलं विज्ञानकथांचं कपाट संपवत होते. कपाट कसलं, दीड फळी. शिकारकथा आणि पाकक्रिया यांच्या मधली. सर सांगतात, "कुठलंही पुस्तक काढा, माझ्या आधी चारशेबारा. नवीन आलेलं काढलं, तरी चारशेबारा. मला राग यायला लागला हो त्या आकड्याचा." शेवटी त्यांनी काउंटरवर विचारलं. उत्तर आलं, "आत्ताच गेल्या की! बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब लिहितात, त्या बाई."

त्या काकू आज नाश्त्याच्या कुपनांचा हिशेब सांभाळतायत. कॅमेऱ्याकडं बघायला तयार नाहीत. खाली मान घालून बोलतात. "घरात कुणाला सांगितलं नव्हतं मी काय वाचते ते. मुलगा विचारायचा, आई, हे यानाचं चित्र असलेलं पुस्तक कुणाचं? मी म्हणायची, चुकून आलंय, उद्या बदलून आणते."

अमेरिकेतही ही मंडळी एकमेकांना सापडली ती अशाच कागदावरच्या खुणेनं. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केलं, निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक. त्यात वाचकांची पत्रं छापून यायची, ती लिहिणाऱ्याच्या पत्त्यासकट. झालं! वाचकांनी संपादकांना बाजूला ठेवून एकमेकांनाच पत्रं टाकायला सुरुवात केली. त्यातून क्लब निघाले, चाहत्यांनी स्वतःच काढलेली मासिकं निघाली आणि जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. आले होते सुमारे २०० जण. आज जगभरातून हजारोंनी लोक येतात, पण सुरुवात एका बऱ्यापैकी लग्नाच्या पंगतीएवढीच होती.

किर्लोस्करवाडीहून आलेले एक आजोबा याच मुद्द्यावर हात वर करतात. त्यांचं म्हणणं, गर्न्सबॅक मुळात कोण? रेडिओचे सुटे भाग विकणारा दुकानदार. मालाची यादी छापता छापता त्याचं मासिक झालं. "आणि आमच्याकडं काय झालं? लक्ष्मणरावांनी १९१० साली माळावर कारखाना आणला. लोखंडी नांगर केले. १९२० साली शंकररावांनी कारखान्याची 'खबर' काढली आणि तिचं बघता बघता 'किर्लोस्कर' मासिक झालं. सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. यंत्र आणि गोष्ट एकाच आवारातनं बाहेर पडली, बरं का." आजोबा खाली बसतात. टाळ्या थोड्या उशिरानं येतात, पण येतात. मला हा मुद्दा आवडला. फक्त नांगराच्या मासिकातून इकडं मंगळावरच्या माणसांची लाट का आली नाही, हा प्रश्न उरतोच. तो विचारायला गेलो, तेव्हा आजोबा चहाच्या रांगेत पुढं निघून गेले होते.

(स्त्रियांच्या खोलीचं दार. आतून हसण्याचे आवाज, चिकटपट्टी ओढल्याचा आवाज.)

दार उघडतं आणि बाहेर पडतो एक अंतराळवीर.

आत आहे तासगावकडची बीएस्सीला असलेली एक मुलगी. पांढरा सूट वडिलांचा, द्राक्षबागेत औषध मारताना घालायचा. पाठीवर बॅटरीवरचा फवारणी पंप. पंपापासून मानेपर्यंत ठिबकची नळी. डोक्यावर २० लिटरचा पाण्याचा जार, बूड कापलेला. आत वाफ धरते, म्हणून मागच्या बाजूला तापल्या सळईनं पाडलेली भोकं. सूटवर मोरचुदाचे निळसर डाग आहेत. ते धुतले का नाहीत, असं विचारल्यावर जारातून घुमणारा आवाज येतो, "काम करून आलेला दिसायला नको का? कोरा करकरीत अंतराळवीर म्हणजे नुसता फोटोतला." वडिलांची अट एकच आहे. सोमवारी सकाळी पंप बागेत पाहिजे.

आधी ती नाटकाच्या ड्रेपरीवाल्याकडं गेली होती. त्यांच्याकडं मावळे होते, पौराणिक होतं, गॅदरिंगसाठी वाघ आणि ससा होता. अंतराळवीर नव्हता. "यम देऊ का?" त्यांनी विचारलं. तिनं नको म्हटलं, पण तिच्या वर्गातल्या एकानं तो यम घेतला, मुकुटात एलईडीची माळ गुंडाळली, गदेला जुना रिमोट बांधला, आणि आता तो कुठल्या तरी दूरच्या आकाशगंगेचा सम्राट म्हणून फिरतोय. मिशी यमाचीच आहे.

अशा सभांना वेष घालून जायची रीत त्या १९३९ च्या न्यूयॉर्कपासूनची. फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस ही दोघं तिथं भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून गेली होती. कपडे शिवले होते मर्टलनं. बोलबाला बरीच वर्षं अ‍ॅकरमनचाच राहिला. शिवणाऱ्या बाईचं नाव मागं पडणं ही काही दूरच्या आकाशगंगेतली गोष्ट नव्हे.

पण सांगलीला या बाबतीत न्यूयॉर्कचं फार अप्रूप वाटायचं कारण नाही. याच गावात १८४३ साली संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्या नाटकांतले राक्षस तोंडं रंगवून, 'अलल्‌डुर्र' अशी आरोळी ठोकत रंगमंचावर उडी घ्यायचे. पुढच्या पिढीतल्या शहाण्यांनी त्यांना नावं ठेवली, पण लोक येत होते ते त्या आरोळीसाठीसुद्धा. सर सम्राटाला बाजूला घेऊन हे सगळं समजावून सांगतात. पाचच मिनिटांनी स्टेजच्या विंगेतून 'अलल्‌डुर्र' उठतं, सम्राट उडी घेतो, एलईडीची माळ पायात येते आणि पहिल्या रांगेतलं एक लहान पोर भोकाड पसरतं. प्रयोग यशस्वी झाला, असंच म्हणायला पाहिजे.

(टेबलावर लोणच्याची रिकामी बरणी. झाकणाला चीर. लेबल: 'पुष्पक'.)

अकरा वाजता वाद सुरू होतात. त्याआधी या बरणीची ओळख करून देतो. वादात कुणी "हे तर आपल्या पुराणात आधीच होतं" असं म्हणालं, की पाच रुपये बरणीत. नियम काकूंचा. त्यांचं म्हणणं, पुराणातली गोष्ट गोष्ट म्हणून सांगा, मांडी घालून ऐकते. तिची पावती फाडून विज्ञानाच्या खात्यावर जमा करू नका. हिशेब लिहिणाऱ्या बाईंना खात्यांची गल्लत सहन होत नाही. दुपारपर्यंत बरणी निम्मी होते. संध्याकाळच्या भडंगाचा खर्च त्यातूनच निघणार आहे.

वाद कशावर? प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं यान गोष्टीत चालेल का. एका बाजूचं म्हणणं, एक थाप माफ, दुसरी नाही. दुसरी बाजू म्हणते, मग निम्मं कपाट रद्दीत घाला. यंत्राला माणसासारखं मन द्यायचं का, यावर मिरजेचे एक सतारमेकर बोलतात. भोपळ्याचं वाद्य करणारा माणूस, त्यांचं ऐकायला सगळे थांबतात. "जवारी लावताना वाद्य नीट बोलायला लागलं की कळतं. पण ते आपलं आपण बोलतंय, असं मला कधी वाटलं नाही. माझाच कान बोलत असतो." यावर उत्तर कुणाकडंच नव्हतं. मग प्रश्नमंजूषा झाली. ती सगळीकडं असते तशीच.

स्टेजच्या एका कडेला डॉ. जयंत नारळीकरांचा फोटो आहे. २० मे २०२५ ला ते गेले. जन्म इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरचा, १९३८ चा. फोटोला हार घालायचा की नाही, यावर सकाळी चर्चा झाली आणि हाराऐवजी शेजारी एक बंद पाकीट ठेवायचं ठरलं. पाकिटामागची हकिकत इथं बहुतेकांना पाठ आहे. १९७४ साल. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा. नारायण विनायक जगताप नावाच्या कुणाची 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. हे जगताप म्हणजे नारळीकर. आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली होती. १९६५ मध्येच पद्मभूषण मिळालेला शास्त्रज्ञ. नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप द्यायला नको. अक्षर ओळखू येईल म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातानं उतरवली गेली.

सातवीतल्या एका मुलीला हे आजच कळलं. ती विचारते, "आणि नंबर आला नसता तर?" सर म्हणतात, "तर आपल्याला कधी कळलंच नसतं." तिला ते बरोबर वाटत नाही, हे चेहऱ्यावर दिसतं.

जेवण. भाकरी, झुणका, खर्डा, ताक. अंतराळवीर जार काढून जेवला.

(दुपार. सतरंजीवर मुलं पालथी पडून लिहितायत.)

जेवणानंतर मुलांना एक ओळ दिली. 'यान सांगलीत उतरतं.' पुढं लिहा.

जवळजवळ प्रत्येक गोष्टीत पाऊस आहे. हे कुणी सुचवलेलं नव्हतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५, हे इथल्या पोराला पाढ्यासारखं येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. यातली काही मुलं तेव्हा कडेवर होती, काहींचा जन्मही झाला नव्हता. तरी पुराचा आकडा घरात ऐकून ऐकून त्यांचाही झालाय.

एका गोष्टीत प्रचंड यान नदीत उतरतं, आणि यानाकडं कुणी बघतच नाही. सगळे पुलावर पळतात, यानामुळं किती फूट वाढलं ते बघायला. दुसऱ्या गोष्टीत परग्रहावरचे विचारतात, तुमचा प्रमुख कोण, आम्हाला त्याच्याकडं न्या. मुलगा सांगतो, ते नंतर बघू, आधी अलमट्टी धरणाचं काय ते सांगा.

तिसरी गोष्ट नदीकाठच्या गावातल्या एका मुलाची. तो उभा राहून वाचतो, कागद तोंडासमोर धरून. यान पुरातून माणसं न्यायला आलंय. छपरावर आजी बसलीय. ती म्हणते, म्हशी आधी. परग्रहावरच्यांच्या यंत्रात म्हैस हा शब्दच नाही. ते म्हणतात, आम्ही फक्त बुद्धिमान जीव नेतो. आजी म्हणते, मग तुम्ही तिच्याशी बोलून बघा. ते बोलून बघतात. म्हैस काय म्हणाली, ते गोष्टीत लिहिलेलं नाही. पण एका म्हशीचं वजन आठ माणसांएवढं, म्हणून यानाला जास्तीच्या दोन फेऱ्या कराव्या लागतात. पहिल्या फेरीत रेडकू आणि त्याची आई. दुसऱ्या फेरीत मोठी. आजी शेवटच्या फेरीत.

वाचून झाल्यावर तो कागदाची घडी घालून खिशात ठेवतो. थोडा वेळ कुणी काही बोलत नाही. मग सर घसा साफ करून म्हणतात, "वजनाचा हिशेब बरोबर आहे." काकू उठून पाणी आणायला जातात. पाण्याची घागर त्यांच्या शेजारीच भरलेली होती.

(संध्याकाळ. ढोलकी.)

या लोकांच्या जगात गाण्यांनाही वेगळं नाव आहे, 'फिल्क'. पन्नासच्या दशकात कुणीतरी लेखाच्या शीर्षकात 'फोक' टाइप करताना एक अक्षर चुकलं आणि ती चूकच नाव म्हणून रूढ झाली. आपल्याकडं त्यासाठी चुकायची गरज पडली नाही. हा तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव यांचा जिल्हा. वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष त्यांचं गाव. इथं गवळण बसते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी आज मंगळाच्या बाजाराला निघाल्यात आणि वाट अडवायला एलईडीवाला सम्राट उभा आहे. गवळणींची मावशी, म्हणजे कमरेवर हात ठेवलेला आयटीआयचा एक विद्यार्थी, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळते. "का रं बाबा, डोक्यावर गणपतीची आरास घेऊन कुठं निघालास?" सम्राट म्हणतो, दुधावर कर द्या. मावशी म्हणते, "देते की. पण फॅट कोण लावणार, तू?" डेअरीच्या जिल्ह्यात हा विनोद कोसळणारच. मागच्या रांगेतले दोघं खुर्चीवरून उठून हसतायत.

सहा वाजता मालकाचा माणूस दिवे बंद-चालू करून इशारा देतो. खुर्च्या रचल्या जातात. रोबोचा एक हात निखळलाय, तो काकूंच्या पिशवीत जातो. बरणीतल्या नाण्यांतून भडंग येतं आणि संपतंही.

(सांगली स्थानक. तासगावची गाडी लागलेली.)

मुलीला जार काढायचाय, पण निघत नाही. गळ्यापाशी लावलेली चिकटपट्टी घामानं घट्ट बसलीय. घरी गेल्यावर कात्रीनं कापू, असं ठरवून ती तशीच गाडीत चढते, पाठीवर पंप, हातात नळीचं वेटोळं. शेजारच्या सीटवरची आजी सरकून जागा देते, फार काही न विचारता. औषध मारून आलेलं माणूस तिला नवीन नाही.

कंडक्टर येतो. मशीन हातात धरून थांबतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, आणि समोरच्या जारावर तर नुसती वाफ धरलीय.

"बाप्या हाय का बाई?"

जारातून घुमून आवाज येतो, "हाफ द्या, मामा. तासगाव."