एकाच ताग्याचं कापड

मंडळी, मघाशी बाहेर एकांनी विचारलं, "सर, फुल फ्रेम विकून मीडियम फॉरमॅट घेऊ का?" म्हणजे 35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) असलेला कॅमेरा विकून त्याहून मोठ्या सेन्सरचा घेऊ का. मी म्हटलं, तुम्ही शेवटचा प्रिंट किती इंची काढला होता? ते हसले. तीन वर्षांत प्रिंट काढलाच नव्हता. खरं तर माझं व्याख्यान तिथेच संपायला हवं होतं, पण आयोजकांनी वेळ दिलाय, तेव्हा बोलतो.

आधी 'मीडियम फॉरमॅट' या नावाचं पाहू. फिल्मच्या काळात सिक्स बाय सिक्सची चौकट 56 बाय 56 मिलिमीटरची असायची, म्हणजे 35 मिमी फिल्मच्या चौकटीच्या साडेतीनपटीहून मोठी. आज फुजीफिल्मच्या जीएफएक्समध्ये किंवा हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेत जो सेन्सर बसतो, तो साधारण 44 बाय 33 चा. फुल फ्रेम 36 बाय 24. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर पावणेदोनपटसुद्धा भरत नाही. जुन्या सिक्स बाय सिक्सच्या तो निम्माही नाही. नाव मोठं, लक्षण खोटं असं मी म्हणणार नाही, पण नाव जुन्या पुण्याईवर चाललंय हे नक्की. फेज वनच्या बॅकमधला, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे जोडायच्या सेन्सरच्या डब्यातला, 53.4 बाय 40 चा सेन्सर मात्र फुल फ्रेमच्या जवळजवळ अडीचपट आहे. त्याची किंमत सुरुवातीला 50,000 डॉलरच्या वर होती, त्यामुळे तो आपण लांबूनच पाहू.

आता गंमत ऐका. 2018 मध्ये फेज वनचा आयक्यू 4 आला, 150 मेगापिक्सेल. 2019 मध्ये जीएफएक्स 100 आला, 102 मेगापिक्सेल. त्याच वर्षी सोनीचा फुल फ्रेम ए सेव्हन आर फोर, 61 मेगापिक्सेल. तिन्हींच्या एका पिक्सेलची रुंदी मोजा: 3.76 मायक्रॉन, 3.76 मायक्रॉन, 3.76 मायक्रॉन. तिन्ही सेन्सर सोनीनेच बनवलेले. एकाच ताग्यातून कुणी खण फाडला, कुणी परकराचं कापड, कुणी नऊवारी. वीण तीच, पोत तोच. त्यामुळे "मीडियम फॉरमॅटचा पिक्सेल मोठा, म्हणून रंग खोल" हे दुकानातलं वाक्य या तिघांपुरतं तरी सोडून द्या. इथे तुम्ही पन्ह्याचे, म्हणजे कापडाच्या रुंदीचे पैसे मोजता.

पण पन्हा जास्त असण्याचा फायदा खरा आहे, आणि तो आकड्यांपेक्षा मोठा निघतो. सोनीची चौकट 3:2, फुजीची 4:3. माझं बरंचसं काम साड्यांच्या कॅटलॉगचं. त्याच्या पानाला 4:3 जवळचं पडतं. 61 मेगापिक्सेलच्या बाजू कापल्या की हातात साधारण 53 उरतात. म्हणजे माझ्यासाठी सामना 61 विरुद्ध 102 नसतो, 53 विरुद्ध 102 असतो. एका पैठणीचा पदर मी दोन्ही कॅमेऱ्यांवर टिपला. 20 बाय 15 इंचाचे प्रिंट शेजारी ठेवले, तर स्टुडिओतल्या कुणालाही फरक सांगता आला नाही, मलाही नाही. मग 40 बाय 30 इंच केले. तिथे फुल फ्रेमकडे इंचाला 211 पिक्सेल, मीडियम फॉरमॅटकडे 291. जरीच्या तारा मीडियम फॉरमॅटमध्ये सुट्या मोजता येत होत्या, फुल फ्रेममध्ये नुसती सोनेरी चकाकी. जरीवर लाटांसारखे रंगीत पट्टे उमटतात, ज्याला मॉरे म्हणतात, ते मात्र दोघांनीही दाखवले, फक्त वेगवेगळ्या अंतरावरून. दोघांतही असे पट्टे रोखणारा लो-पास फिल्टर नाही, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार!

प्रकाशाचं बोलू. मोठा सेन्सर एकाच एक्स्पोजरला साधारण पाऊण स्टॉप जास्त प्रकाश गोळा करतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). पण जीएफएक्स 100 चा मूळ आयएसओ (सेन्सरची मूळ प्रकाशसंवेदनशीलता) 100, आणि फुल फ्रेमच्या निकॉन डी 850 चा 64. ट्रायपॉडवर बसून 64 ला शटर जास्त वेळ उघडा ठेवलात, की त्या पाऊण स्टॉपमधला बहुतेक भाग परत मिळाला. हॅसलब्लाड एक्स 2 डी स्वतःच 64 वर येतो, तिथे ही पळवाट बंद.

आणि तो प्रसिद्ध 'लुक', मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळते तो? जीएफएक्सची 110 मिमी, एफ 2 लेन्स घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं). सुंदर लेन्स आहे, वाद नाही. फुल फ्रेमच्या मापात ती साधारण 87 मिमी, एफ 1.6 होते. फुल फ्रेमवाल्याला 85 मिमी, एफ 1.2 मिळते. म्हणजे पार्श्वभूमी जास्त विरघळवणारा छोटा भाऊच निघाला! त्यात त्याचा डोळ्यावरचा ऑटोफोकस धावत्या मुलाला सोडत नाही. लग्न टिपणाऱ्यांनी मीडियम फॉरमॅटच्या वाटेला जाऊ नये हे मी स्पष्ट सांगतो, नवरीमुलगी तुमच्यासाठी थांबणार नाही.

फ्लॅशवाल्यांचं गणित वेगळं. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्सच्या पोटातच शटर असतं, त्यामुळे 1/2000 सेकंदालाही फ्लॅश जुळतो. भर दुपारी आकाश गडद करून चेहरा उजळायचा असेल, तर याला तोड नाही. जीएफएक्सचं पडदा-शटर 1/125 ला अडतं, म्हणजे फुल फ्रेमच्या 1/200 किंवा 1/250 पेक्षाही मागे. दोघांना एकाच 'मीडियम फॉरमॅट'च्या टोपलीत टाकून चर्चा करणारे हे विसरतात.

पैशांचा भाग पटकन सांगतो. जीएफएक्स 100 आला तेव्हा सुमारे 10,000 डॉलर, 2021 मधला 100 एस सुमारे 6,000. ए सेव्हन आर फोर आला तेव्हा 3,500. शिवाय 102 मेगापिक्सेलची 16 बिटची कच्ची (रॉ) फाइल, न दाबलेली, 200 एमबीच्या पुढे जाते. एका दिवसात हजार साड्यांचे फोटो काढा, 200 जीबी झाले. बॅकअप दोन ठिकाणी ठेवायचा असेल तर ते दुप्पट. कॅमेरा घेताना हार्ड डिस्कचा हिशेब कुणीच करत नाही, मीही केला नव्हता.

मघाशी ज्यांनी विचारलं, त्यांना माझं सांगणं एवढंच: आधी एक दिवस जीएफएक्स भाड्याने घ्या. सोबत ट्रायपॉड न्या, कारण हातात धरून चित्र एका पिक्सेलएवढं हललं तरी बारकावे गेले. घरच्याच एखाद्या साडीचा काठ टिपा आणि 40 इंची प्रिंट काढून भिंतीवर लावा. तेवढी मोठी भिंत घरात असेल तर.